साडेचार सेकंद कोणाचे?

‘क्रँक’ हा शब्द भिवंडीत सायकलवाल्यांच्या आधीपासून आहे. यंत्रमागाला क्रँकशाफ्ट असतो. त्याचा एक फेरा पूर्ण झाला की फणी पुढे येऊन आडवा धागा ठोकते आणि कापड एका धाग्याने वाढतं. सायकलचा क्रँकही असाच कष्टाचा भाग. पेडल ज्यांना लावतात ते दोन दांडे आणि चेन ओढणारी दातेरी चक्रं, बस्स. पायाचा जोर गोल फिरवायचा, एवढंच त्याचं काम.

तर प्रश्न असा, की रोड बाईकसाठी शिमानोचा मधल्या दर्जाचा ‘१०५’ क्रँक घ्यावा, की सगळ्यात वरचा ‘ड्युरा-एस’? दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या तिपटीहून जास्त. वजनातला फरक १०० ग्रॅमच्या आसपास.

आधी हिशोब करू. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो धरा. त्यात १०० ग्रॅम म्हणजे आठशेवा भाग. नाशिक हायवेवर कसाऱ्याच्या दिशेने निघालो आणि समजा तासभर सलग चढ लागला, तर माझे वाचणार साडेचार सेकंद. सपाट रस्त्यावर तेवढेही नाहीत. उलट ५०-३४ दात्यांचा क्रँक घेतो की ५३-३९चा, आणि दांडा माझ्या पायाच्या लांबीला बरोबर आहे की नाही, यावर गुडघ्यांचं भवितव्य ठरतं. ही निवड स्वस्त क्रँकमध्येही मिळते.

महाग म्हणजे मजबूत, हेही नेहमी खरं नसतं. सप्टेंबर २०२३मध्ये शिमानोने जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले ड्युरा-एस आणि अल्टेग्राचे ११-स्पीड क्रँक तपासून घ्यायला सांगितले. हलकेपणासाठी दोन भाग चिकटवून बनवलेला पोकळ दांडा सांध्यात सुटू शकत होता. १०५ त्या यादीत नव्हता. यावरून ड्युरा-एस वाईट ठरत नाही. हलकेपणाची किंमत फक्त रुपयांत मोजली जात नाही, एवढंच कळतं.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड पुढे आहे.

मी गोदामात नोकरी करतो. आमच्याकडे माल चढवणारे कितीतरी जण जाड दांड्याच्या काळ्या सायकलींवर येतात. त्यांच्या क्रँकला अजून कॉटर असते. ती ढिली झाली की पेडल खटखटतं, मग दुकानात जाऊन हातोडीने नवी ठोकून घ्यायची. मनात येतं, माझ्या एका क्रँकच्या पैशात यांच्या कितीतरी सायकली येतील. म्हणून ड्युरा-एस घेणं चूक.

पण हा युक्तिवाद मला पटत नाही. मी १०५ घेतला, तर वाचलेले पैसे त्या माणसाकडे जातात का? नाही, माझ्याच खात्यात राहतात. त्याची गरिबी मी फक्त माझ्या काटकसरीला शोभा यावी म्हणून वापरली. त्याचा विचार खरंच करायचा असेल, तर तो ओव्हरटाइमचा तक्ता बनवताना करावा, पाऊस असताना सायकली उभ्या करायला पत्रा मागताना करावा. क्रँक निवडताना नव्हे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मित्र म्हणतात, सगळंच उपयोगावर मोजायचं तर पैठणी कशाला, तबला शिसवीचा कशाला? बरोबर आहे. सुंदर वस्तू सुंदर आहे म्हणून घेण्यात पाप नाही. ड्युरा-एसचा क्रँक हातात घेतला की बनवणाऱ्याचा जीव त्यात दिसतो. मग तसंच म्हणावं: मला आवडला, परवडला, घेतला. खटकतं ते हे, की आवडीला आपण ग्रॅमचा आणि वॅटचा वेश चढवतो. शर्यतीत साडेचार सेकंदांवर ज्याचं पुढल्या वर्षीचं कंत्राट ठरतं, त्याच्यासाठी ते सेकंद खरे आहेत. माझे सेकंद कोणीच मागितलेले नाहीत. घरी साडेचार सेकंद आधी पोहोचलो, तर चहासुद्धा झालेला नसेल.

‘पुरेसं’ या शब्दाला आपण उगाच कंजूष ठरवलं आहे. पुरेसं म्हणजे कमी नव्हे. वस्तूकडून काय काम घ्यायचं आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच पुरेसं कुठे संपतं ते कळतं. शर्यतीतल्या माणसाला ड्युरा-एस पुरेसा, मला १०५. दोघांचंही उत्तर प्रामाणिक असू शकतं.

मी १०५च घेणार आहे, ५०-३४चा, १७० मिलिमीटर दांड्याचा. त्यात त्याग वगैरे काही नाही. उद्या तो दुसरा क्रँक केवळ देखणा म्हणून घ्यावासा वाटला, तर तोही घेईन. फक्त कोणी कारण विचारलं, तर वजनाचा काटा पुढे करणार नाही.