सर्वांची जागा



देवाने पृथ्वी सर्वांसाठी निर्माण केली, ही आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण. ती मान्य करणे आपल्याला जड जात नाही. पण एखाद्या चांगल्या कामासाठी सर्वांची जागा मागितली जाते, तेव्हा आपली परीक्षा होते.

अमेरिकेतील शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठी आहे. १८३६ साली शहराच्या नकाशावर काठच्या एका पट्ट्याविषयी नोंद झाली की, ही सार्वजनिक जागा कायम मोकळी राहावी. तेथे पुढे ग्रँट पार्क झाले. १९०६ साली मार्शल फील्ड हा धनाढ्य व्यापारी वारला. वस्तुसंग्रहालयासाठी त्याने मृत्युपत्रात ८० लाख डॉलर ठेवले होते. संग्रहालय ग्रँट पार्कमध्येच बांधायचे घाटत होते. माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या व्यापाऱ्याने विरोध केला. उद्यानासाठी तो १८९० पासून न्यायालयात झगडत होता. अनेकांनी त्याला प्रगतीचा शत्रू मानले. परंतु १९०९ व १९११ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. अखेर संग्रहालय उद्यानाच्या दक्षिणेला, भराव घातलेल्या जमिनीवर उभे राहिले आणि १९२१ साली लोकांसाठी खुले झाले. शहराला संग्रहालय मिळाले आणि उद्यानही राहिले.

दाविद राजाला देवासाठी वेदी बांधायची होती. अरवनाने आपले खळे त्याला फुकट देऊ केले. दाविदाने ते घेतले नाही. ५० शेकेल रुपे मोजून विकत घेतले. ज्याची झळ आपल्याला लागली नाही, ते देवाला कसे वाहायचे, असे त्याला वाटले. काम देवाचे असले तरी त्याची किंमत दुसऱ्याच्या माथी मारायची नसते. काठावरचे उद्यान गेले तर किंमत कोण मोजतो? ज्याच्या घराला अंगण नाही ते मूल, आणि संध्याकाळी टेकायला ज्याला तेवढाच बाक आहे तो म्हातारा. इमारत दुसरीकडे बांधता येते. पाण्याचा काठ दुसरीकडे नेता येत नाही.

निसर्ग ही सर्वांची ठेव आहे आणि तिची जबाबदारीही सर्वांची आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकवले. म्हणून शाळा असो, सभागृह असो वा मंदिर, जागा निवडताना आपण आधी विचारू या : ही जागा कोणाची? येथून कोणाला उठावे लागेल? दुसरी जागा आपण खरोखर शोधली का?

हे प्रभो, तुझ्या नावाने बांधताना तुझ्या लेकरांचे अंगण आमच्या हातून जाऊ देऊ नकोस. आमेन.