आजारपणाचे वेतन : दान की देणे?

कामकरी मनुष्य तापाने अंथरुणाला खिळला आणि आठ दिवस कामावर येऊ शकला नाही, तर त्या आठ दिवसांचे वेतन त्याला मिळावे काय? वरवर पाहता हा प्रश्न जमाखर्चाचा वाटतो. काम झाले नाही, सबब मोबदला नाही, हे बाजाराचे सूत्र सरळ आहे आणि त्यात कोणी कोणाला फसविलेले नाही. तरीही सुजाण मालकाला असा पैसा कापताना संकोच वाटतो. आणि तो संकोच कशातून उपजतो हे शोधू लागले, की आपण जमाखर्चातून नीतिशास्त्रात येऊन पोचतो. न झालेल्या कामाचा पैसा दिला, तर ते दान की देणे? दानात देणाऱ्याचे औदार्य असते. तो देईल तितके खरे, घेणाऱ्याने हात जोडावेत. देणे म्हटले की मागण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे जातो. शब्द एकाच धातूपासून निघालेले, पण त्यांच्यामधील अंतर फार मोठे आहे.

सिकंदराबाद हे मुळात छावणीचे गाव. येथील उज्जयिनी महांकाळी देवालयाची कथा बोनालूच्या दिवसांत आवर्जून सांगितली जाते. सुरिटी अप्पय्या नावाचा लष्करातील डोलीवाहक १८१३ साली पलटणीबरोबर उज्जैनला होता. तेथे पटकीची साथ उसळली. त्याने देवीला नवस केला आणि १८१५ साली परत आल्यावर येथे तिची स्थापना केली. भाविकाला या कथेत देवीची कृपा दिसते, आणि ती दिसावीच. परंतु कथेचा नायक डोली वाहणारा मजूर आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. साथीच्या दिवसांत ज्याच्या पाठीशी देवीवाचून दुसरे कोणीही उभे नव्हते, अशा माणसाचा तो नवस होता.

याच गावाच्या बेगमपेठेकडील बाजूस १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. ज्या रोग्याचे रक्त ते डास प्याले, त्या हुसेन खानाला दर डासामागे एक आणा मिळे. आजारी माणसाला आजारात पैसे मिळाल्याचे आमच्या गावातील हे पहिले उदाहरण, असे थट्टेने म्हणता येईल. मात्र ते पैसे तो आजारी होता म्हणून नव्हते, तर त्याचे रक्त उपयोगी पडले म्हणून होते. मनुष्य उपयोगी पडेल तोवरच त्याला काही द्यावयाचे, ही समजूत त्या एका आण्याइतकीच जुनी आहे आणि अद्यापि चलनात आहे.

या समजुतीला सुसंगत उत्तर देण्याचा जो प्रयत्न अर्वाचीन काळात झाला, त्यात कॅथलिक धर्मपीठाच्या सामाजिक शिकवणीचा वाटा मोठा आहे. मंदिराशी बांधलेल्या आपल्या समाजाला पोपच्या पत्रांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ज्यांची कुळे गोमंतकाच्या भूमीतून विस्थापित झाली, त्यांना तर त्या पंथाचा इतिहास कडू आठवणींसकट ठाऊक आहे. पण विचार कोठून आला यावर त्याचा खरेपणा ठरत नाही. शिवाय येथील सरोजिनीदेवी मार्गावरील सेंट मेरी चर्चच्या घंटा आणि आपल्या आरतीच्या घंटा एकाच हवेत मिसळतात. शेजाऱ्याच्या घरात काय चर्चा चालते, हे जाणून घेण्यात कमीपणा नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या मे महिन्यात ‘रेरूम नोव्हारूम’ हे पत्र प्रसृत केले. त्यातील कळीचा विचार असा, की मालक व मजूर यांनी राजीखुशीने मजुरी ठरविली म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. कराराहूनही प्राचीन असा एक निसर्गसिद्ध न्याय आहे. उपाशी मनुष्य कोणत्याही दराला मान डोलावतो. त्याच्या त्या संमतीला संमती म्हणणे ही भाषेची चेष्टा होय. मजुरी एवढी असली पाहिजे, की काटकसरीने राहणाऱ्या कामकऱ्याचा निर्वाह व्हावा. हे एकदा मान्य केले की पुढची पायरी आपोआप येते. मनुष्याचा निर्वाह केवळ तो धडधाकट असतानाच व्हायचा नसतो. यंत्राचा मालक यंत्राची झीज किमतीत धरतो. मग देहाची झीज मजुरीत का धरू नये? आजारपण, बाळंतपण, वार्धक्य हे कामकऱ्याच्या आयुष्यातील अपघात नव्हेत, ते त्या आयुष्याचेच भाग आहेत. म्हणून आजारपणातील वेतन हे न झालेल्या कामाचे वेतन नसून, झालेल्या कामाचे रोखून ठेवलेले वेतन ठरते.

पुढे १९३१ साली अकरावे पायस यांनी कुटुंबाला पुरेल अशा वेतनाचा आग्रह धरला, आणि दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या पत्रात विश्रांती, आजारपणातील उपचार व अपघाताचा विमा यांना कामकऱ्याच्या हक्कांत स्पष्ट स्थान दिले. हे पत्र त्या वर्षीच्या मे महिन्यात निघावयाचे होते. पण १३ मे रोजी पोपवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि रुग्णालयातून सुटल्यानंतरच त्यांना मजकुरावर अखेरचा हात फिरविता आला. कामकऱ्याच्या आजारपणाविषयीचे पत्र लेखकाच्याच आजारपणामुळे लांबणीवर पडले, आणि तेवढ्याने लेखकाचे पद काही गेले नाही!

तथापि या शिकवणीचा सगळाच भाग स्वीकारावा, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. लिओंच्या डोळ्यांपुढील कामकरी हा पुरुष आहे. स्त्री स्वभावतःच गृहकृत्याला योग्य, असे ते गृहीत धरतात. ज्या घरी आईच कमावती आहे, त्या घराचा विचार त्यातून निघत नाही. तो विचार आपल्याकडे निराळ्या वाटेने आला.

कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजाचे सदस्य. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. त्याच परिषदेत प्रसूतिरजेचा करार मंजूर झाला. १९२४ साली जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली असेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलेला मुद्दा आजही विचार करण्याजोगा आहे. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, सबब त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा. परंतु मालकही त्या स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवितो, म्हणून तोही सुटत नाही. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत, आंबेडकर केंद्रीय मजूरमंत्री असताना, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपविण्यात आली. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला आणि त्याच्याच पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आडारकर हे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची आठवण होईल, त्याला माझा इलाज नाही.

आडारकरांच्या योजनेतील मर्म निधी हे होते. मालकाने व कामगाराने दरमहा थोडे थोडे द्यावे, आणि जो आजारी पडेल त्याला त्यातून मिळावे. आजमितीस या विम्याखालील कामगाराला वर्षातील ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. याउलट १९६१ च्या प्रसूतिसाहाय्य कायद्याने, जेथे विमा लागू नाही तेथे, सारा भार एकट्या मालकावर टाकला. २०१७ साली बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, हे स्वागतार्हच. पण भार तसाच राहिला. परिणामी तरुण स्त्रीला नोकरी देतानाच मालक मनात हिशेब करू लागतो. देणे खरे आहे, पण ऋणको कोण, हे चुकीचे ठरविले म्हणजे असे होते. मूल जन्मल्याचा लाभ साऱ्या समाजाला होतो; तेव्हा ते ऋण एका दुकानदाराचे नव्हे, समाजाचे. आंबेडकरांनी हे १९२८ सालीच ओळखले होते. तेलंगण सरकारने २०१७ साली सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला बुडालेल्या मजुरीपोटी बारा हजार रुपये, मुलगी झाल्यास तेरा हजार, देण्याची योजना आणली, तिच्यामागेही हेच तत्त्व होते.

जो स्वतः आजारी नाही, पण घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा करतो, त्याचे काय? आपल्या कायद्यांनी या प्रश्नाकडे जवळजवळ पाठच फिरविली आहे. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी एकूण ७३० दिवस रजा आहे. त्यामुळे सिकंदराबादच्या रेल निलयमात नोकरीस असलेली आई मुलाच्या तापात घरी राहू शकते. खाजगी दुकानातील तिच्या बहिणीला ती सोय नाही. आणि म्हाताऱ्या सासऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला तर दोन्हीकडे तशी वेगळी रजा नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली ती बिनपगारी. म्हणजे ज्याला परवडेल त्याने प्रेम करावे! तेथील शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांताने २०१६ साली आपल्या नोकरांना मूल झाल्यावर बारा आठवड्यांची सवेतन रजा सुरू केली. न्यायाविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी स्वतः न्यायी असले पाहिजे, असे १९७१ च्या त्यांच्या धर्मसभेने म्हटले होते. त्या वचनाची ही उशिरा का होईना, पण फेड होती.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या परंपरेत रजेची कल्पना नव्हती असे नाही. सोयर आणि सुतक ही एका अर्थी सक्तीची रजाच होय. जन्म वा मृत्यू घडलेल्या घराने दहा दिवस नित्याच्या व्यवहारातून बाजूला व्हावे, हा नियम. त्याला अशौचाचे नाव मिळाले आणि बाळंतिणीच्या वाट्याला विसाव्याबरोबर विटाळही आला, हे दुर्दैव; पण जीवनाच्या या दोन टोकांपाशी काम थांबले पाहिजे, ही जाण त्यात निश्चित आहे. कौटिल्यानेही आजारी वा संकटात सापडलेल्या कर्मकराला कामातून सवलत, अथवा ते दुसऱ्याकडून करवून घेण्याची मुभा दिली आहे. शुक्रनीतीत तर आजारी सेवकाला वेतनाचा मोठा भाग देत राहण्याचा आणि चाळीस वर्षांच्या सेवेनंतर अर्ध्या वेतनाचा उल्लेख आहे. तो ग्रंथ आज आहे त्या रूपात फार अर्वाचीन, असे काही संशोधक मानतात. तसे असले तरी संस्कृतात लिहिणाऱ्या कोणा पंडिताला हा विचार परका वाटला नाही, एवढे त्यावरून दिसतेच.

आपल्या समाजाने परस्परसाहाय्याच्या संस्थाही काढल्या. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली मुंबईत शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी स्थापिली. जे काम लहान मंडळाला जमते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, असे अकरावे पायस १९३१ साली म्हणाले. तालमकींनी ते पंचवीस वर्षे आधी करून दाखविले होते. पण या संस्थांचे सभासद पगारदार ज्ञातिबांधव होते. त्यांच्या घरी भांडी घासणारी बाई सभासद नव्हती. मुंबईत सिस्टर जीन डेव्हॉस या बेल्जियन जोगिणीने १९८५ च्या सुमारास अशा घरकामगार स्त्रियांची चळवळ उभारली. ते काम आपल्यापैकी कोणाला सुचले नाही, ही गोष्ट टोचते.

आणि देवस्थानाचे काय? बहुतेक लहान देवळांत दहा माणसेही चाकरीस नसतात. विमा कायद्याचा हात तेथवर पोचत नाही. पुजारी, प्रसादाचा स्वयंपाकी, अंगण झाडणारी बाई, सनईवाला, ही मंडळी विश्वस्तांच्या सद्बुद्धीवर अवलंबून. पुजाऱ्याची स्थिती तर विलक्षण आहे. त्याच्या घरी मूल जन्मले वा वडील वारले, की शास्त्रच त्याला गाभाऱ्याबाहेर काढते. म्हणजे रजा त्याने मागितलेली नसते, ती आपण त्याच्यावर लादतो. आणि त्या दहा दिवसांची दक्षिणा बुडते. गिरणीमालकाला निदान म्हणता येते, की मजूर आपणहून आला नाही. विश्वस्तांना तेही म्हणता येणार नाही. जो नियम आपण पवित्र मानतो, त्याची किंमत घरातील सर्वांत गरीब माणसाने एकट्याने भरावी, हे कोणत्या न्यायात बसते?

खर्चाची अडचण पुढे केली जाईल, आणि ती अगदीच खोटी नाही. पुजाऱ्याच्या जागी दुसरा आणावा लागतो, त्याला द्यावे लागते. दोघांना द्यायचे तर पेटीत तेवढे नाही. कौटिल्याने काम दुसऱ्याकडून करविण्याची मुभा दिली, तेव्हा त्या दुसऱ्याचे वेतन कोणाकडून वळते व्हावे हाच खरा वादाचा मुद्दा असणार. आज बऱ्याच ठिकाणी बदली भटजीची दक्षिणा सुतकातील पुजारीच आपल्या खिशातून देतो, आणि त्याविषयी कोणाच्याही वार्षिक अहवालात एक ओळदेखील नसते. चार-पाच देवस्थानांनी मिळून लहानसा निधी उभारला, तर आडारकरांनी गिरण्यांसाठी जे केले तेच येथे करता येईल. त्यासाठी विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत, रोषणाई आणि मंडपाच्या विषयांआधी, एक विषय घालावा लागेल.