फळावरून कर्म ओळखता येते काय?

भौतिकशास्त्राच्या आरंभीच्या वर्गात विद्यार्थ्यापुढे फेकलेल्या चेंडूचे उदाहरण येते: सेकंदाला 20 मीटर वेगाने, क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करून फेकलेला चेंडू किती दूर पडेल? विद्यार्थी त्या वेगाचे दोन घटक पाडतो, ऊर्ध्व दिशेचा 10 आणि क्षितिजसमांतर 17.32, गुरुत्वत्वरण सोयीसाठी 10 धरून आणि हवेचा अवरोध वगळून तो सांगतो की चेंडू 2 सेकंद हवेत राहील, 5 मीटर उंची गाठील आणि 34.64 मीटरांवर टेकेल. हात सुटला त्याच क्षणी हे सारे ठरून गेलेले असते, आणि म्हणूनच, शिक्षकाने उच्चारला वा न उच्चारला तरी, प्रारब्धाचा प्रश्न त्या फळ्याशी येऊन उभा राहतो.

आमच्या वेदान्ताला हा दृष्टान्त परका नाही. ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचा देह तत्काळ का पडत नाही, याचा खुलासा करताना शंकराचार्यांनी गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात सुटलेल्या बाणाचाच दाखला दिला आहे: लक्ष्य भेदल्यावरही तो वेग सरेपर्यंत पुढे जातो आणि मगच पडतो, परंतु धनुष्याला लावलेला पण न सुटलेला बाण मागे घेता येतो, त्याचप्रमाणे देहाचा आरंभ करणारे कर्म भोगूनच संपते, आणि ज्याने फळ देण्यास आरंभ केला नाही ते ज्ञानाने नाहीसे होते. वेग सरला की पतन, ही कल्पना त्याहून जुनी, कणादांच्या वैशेषिक सूत्रांतली आहे. बाणातील वेगरूप संस्कार संपला म्हणजे गुरुत्वामुळे तो खाली येतो, असे तेथे प्रतिपादन आहे. आर्चेत्रीच्या घरी नजरकैदेत असलेल्या वृद्ध गॅलिलिओचा जो ग्रंथ 1638 साली लायडन येथे छापला गेला, त्याने मात्र दाखवून दिले की गुरुत्व वेगाच्या समाप्तीची वाट पाहत थांबत नाही. पहिल्या क्षणापासून त्याचा अंमल चालू असतो, क्षितिजसमांतर वेग त्याच्याशी तंटा न करता आपल्या वाटेने जात असतो, आणि दोहोंच्या संयोगाने अन्वस्ताची ती रेषा सिद्ध होते.

या दुरुस्तीने दृष्टान्त अधिक अर्थपूर्ण होतो, असे माझे मत आहे. दैव आणि पुरुषकार या दोहोंवर कर्मसिद्धी अवलंबून असते असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पण तीच पुढे दैव म्हणजे पूर्वदेहातील पौरुषच होय असेही सांगते, आणि येथे माझी बुद्धी अडखळते. चेंडूला खाली ओढणारे गुरुत्व त्या चेंडूने कमावलेले नसते. नेम धरून मारलेल्या दगडाला आणि लहान मुलाच्या हातून निसटलेल्या फळाला त्याचा हुकूम सारखाच लागू आहे.

पण याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. तोच चेंडू त्याच वेगाने 60 अंशांच्या कोनात फेकला, तर तो 15 मीटर उंच जातो, सुमारे 3.46 सेकंद हवेत राहतो, आणि पडतो मात्र पुन्हा 34.64 मीटरांवरच. पंचेचाळीस अंशांपासून दोन्ही बाजूंना सारखे दूर असलेले कोन सारखाच पल्ला देतात, हे त्या ग्रंथात सिद्ध केलेले आहे; आणि फेकण्याचा वेगही अज्ञात असेल, तर त्याच एका ठिकाणी पोहोचणाऱ्या वाटा अगणित होतात. कर्माकडून फळाकडे जाणारा हिशेब एकच उत्तर देतो. केवळ फळाचे स्थान पाहून कर्माकडे परतू पाहणाऱ्याला मात्र एकही निश्चित उत्तर मिळत नाही. पडतानाचा वेग आणि कोन हाती असेल, तर मागचा मार्ग काढता येईल, हे खरे. परंतु एवढे संपूर्ण दफ्तर माणसापुढे कधीच उघडे नसते. फळ देणारा ईश्वर आहे असे ब्रह्मसूत्रे म्हणतात, ती मुखत्यारी त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे सोपवलेली नाही.

आणि आपण तर रोज हाच उलटा हिशेब मांडतो. विधवेच्या कपाळी, आंधळ्या जन्मलेल्या मुलाच्या माथी, महारोग्याच्या झोपडीवर पूर्वजन्मीच्या पातकाची नोंद करून आपण मोकळे होतो, आणि त्या नोंदीच्या बळावर मदतीचा हात मागे घेतो. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींसारख्या करुणामय पुरुषानेही त्या अनर्थात अस्पृश्यतेच्या पापाचे शासन पाहिले, आणि त्या पापाबद्दल त्यांच्याशी एकमत असूनही रवींद्रनाथांनी भौतिक घटनेला नैतिक कारण जोडण्यास जाहीर हरकत घेतली. गांधीजींचा हेतू अत्यंत उदात्त होता, तरीही या वादात मला रवींद्रनाथांचाच पक्ष न्याय्य वाटतो, कारण ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत त्या पापाचे बळीही होते. स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी कोणी प्रारब्धाचा आधार घेत असेल, तर त्याला मी नावे ठेवणार नाही. दुसऱ्याच्या दुःखावर तो शब्द उच्चारण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सरळ उदाहरणे सोडवून झाल्यावर विद्यार्थ्यांना एक उलटे उदाहरणही घालावे: चेंडू 40 मीटरांवर पडलेला सापडला, तर तो कोणत्या वेगाने व कोणत्या कोनात फेकला होता? आणि ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ असे जो लिहील, त्याला पूर्ण गुण द्यावेत.