वाद कोणासाठी?

हल्ली जो तो वाद घालतो. राजकारणाचा वाद देवळात येतो, देवळाचा वाद चावडीवर जातो, आणि संस्कृतीचे नाव दोन्ही पक्ष घेतात. वाद वाईट, असे शास्त्र म्हणत नाही. न्यायशास्त्राने त्याचे तीन प्रकार सांगितले: तत्त्व कळावे म्हणून बोलणे तो वाद; जिंकावे म्हणून बोलणे तो जल्प; आणि आपला पक्ष न मांडता दुसऱ्याचा तेवढा मोडणे ती वितंडा.

आता माझीच गोष्ट ऐका. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे दावे फेटाळले आणि पंढरीच्या देवळातले त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्या दिवसांत एका गावी कीर्तनानंतर एक पोरगा उठला. म्हणाला, "महाराज, विठोबाची पूजा कोणीही करावी का?" मी चार सूत्रे फेकली. मंडळी हसली, पोरगा खाली बसला. दुसऱ्या दिवशी काल्याला तो दिसला नाही. पूजेला शुद्ध भाव लागतो, कुळ नव्हे, हे मला ठाऊक होते. पण पुढे मानकरी बसले होते, बोललो नाही. हा जल्पच की!

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरीत उपोषणाला बसले, तेव्हाही हेच झाले. कोणी म्हणाले हे राजकारण, कोणी म्हणाले धर्म बुडाला, कोणी रूढी पुढे केली. पोथ्या सगळ्यांकडे होत्या. पण ज्याच्यासाठी हे चालले होते, त्या दाराबाहेरच्या माणसाला काय पाहिजे होते? नुसते दर्शन. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. तिच्यासमोर उभे राहून ते विद्वान बोलले असते, तर निम्मे शब्द घशातच राहिले असते.

कोणी म्हणेल, "सगळ्यांचेच ऐकत बसलो तर सिद्धान्त कुठे राहिला?" तसे नव्हे. वादातही पक्ष असतो, खंडन असते, निर्णयही असतो. फक्त आपण चुकलो तर कबूल करायची तयारी लागते, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याला आधी बोलू द्यावे लागते. मग विषय राजकारणाचा असो की धर्माचा.

पुढल्या वर्षी त्या गावी गेलो, पोराची चौकशी केली. कामधंद्याला शहरात गेला म्हणाले. त्याचे उत्तर माझ्याकडे बाकी आहे. असो. तो हे वाचील, तर ते पोचले असे समजेन.