जो रडलाही नाही, त्याचा हक्क

पवित्र कुरआनने मातेच्या गर्भाशयाला सुरक्षित निवासस्थान म्हटले आहे (सूरह अल्-मुमिनून, 23:13). मनुष्याचा हा पहिला निवारा स्वतः अल्लाहने नेमून दिलेला आहे. तेथे परक्याचा हात पोहोचत नाही. पण माणसाने केलेला धूर पोहोचतो. 2019 मध्ये बेल्जियममधील हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या गर्भाकडील बाजूस काजळीचे सूक्ष्म कण आढळले.

अडीच मायक्रॉनहून लहान असे धुराचे कण श्वासावाटे फुफ्फुसांत खोलवर जातात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. गर्भ स्वतः श्वास घेत नाही. मातेच्या रक्तातून येईल तेवढाच प्राणवायू त्याच्या वाट्याला येतो. म्हणून प्रदूषित हवेत 37 आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचा, बाळाचे वजन अडीच किलोहून कमी भरण्याचा आणि मृतजन्माचा धोका वाढतो. जागतिक हवेच्या स्थितीविषयी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, आदल्या वर्षी प्रदूषित हवेमुळे भारतात 1 लाख 16 हजारांहून अधिक बालके जन्मानंतर महिनाभरात दगावली. जगभरातील अशा मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यूंचा संबंध घरात जळणाऱ्या लाकूड, शेणी, कोळसा अशा इंधनाच्या धुराशी होता.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. चूल पेटवणाऱ्याला, गाडी चालवणाऱ्याला किंवा कारखानदाराला कोणत्याही बाळाचा जीव घ्यायचा नसतो. ज्याचे नुकसान झाले त्याचा चेहराही त्यांना ठाऊक नसतो. मग या हानीचा जाब कोणाला विचारायचा?

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हुजैल कबिल्यातील दोन स्त्रियांचा प्रसंग आला आहे. भांडणात एकीने दुसरीला दगड मारला आणि तिच्या पोटातील गर्भ दगावला. अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्या गर्भासाठी भरपाई ठरवून दिली. तेव्हा एकाने हरकत घेतली की, ज्याने काही खाल्ले नाही, प्यायले नाही, जो रडलाही नाही, त्याची भरपाई कशी द्यावी? प्रेषितांनी (स.) हा युक्तिवाद अमान्य केला. वैर त्या दोन स्त्रियांचे होते, गर्भाशी कोणाचेच नव्हते. तरीही त्याचा हक्क बुडाला नाही.

फुकहांनी याबाबत स्पष्ट भेद केला आहे. गुनाह हेतूवर अवलंबून असतो. नुकसानीची जबाबदारी मात्र हेतू नव्हता म्हणून टळत नाही. धुराच्या बाबतीतही हाच न्याय लावला गेला. 1876 मध्ये पूर्ण झालेल्या, हनफी फिकहवर आधारित ‘मजल्ला’ या उस्मानी कायदेसंहितेत, भट्टीच्या धुराने शेजाऱ्याला स्वतःच्या घरात राहणे अशक्य झाले, तर ती असह्य हानी मानून दूर करण्याचा नियम आहे. शेजाऱ्याला असा हक्क असेल, तर त्याच घरात गर्भ वाढवणारी माता आणि तिचे बाळ त्यातून कसे वगळता येतील?

काही जण म्हणतील, जे नशिबात आहे ते होणारच. परंतु प्रेषितांनी (स.) उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी शिकवण दिली. गर्भवतीच्या खोलीत विडी-सिगारेट ओढली जाऊ नये. बाळंतिणीला आणि बाळाला लोबानची धुनी देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. सुगंध प्रेषितांना (स.) प्रिय होता, हे खरे, पण तो अत्तरानेही मिळतो आणि लोबानचा धूर हाही धूरच आहे. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या गरीब शेजारणीला गरोदरपणात गॅस मिळवून देणे हा उत्तम सदका ठरेल.

मात्र सगळा भार मातेवर टाकणे हा जुलूम होईल. जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा गोवंडीच्या स्त्रियांनी खिडक्या लावून घेतल्या तरी धूर घरात येतच राहिला. अशा ठिकाणी स्वच्छ हवेची मागणी करणे हे संपूर्ण जमातीचे आणि सर्व नागरिकांचे कर्तव्य आहे. गर्भातील बाळ फिर्याद करू शकत नाही. म्हणूनच त्याची बाजू इतरांनी मांडायची असते.

अल्लाह आपल्याला ही अमानत जपण्याची तौफीक देवो. आमीन.