सेवेचं बिल

आजचं वाचन : महाभारत, वनपर्व – धर्मव्याधाची कथा



कथा बहुतेकांना माहीत असेल. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेला जातो आणि पोहोचतो थेट मांसाच्या दुकानात. दुकानदार व्याध त्याला घरी नेतो आणि आपले म्हातारे आईवडील दाखवतो. दोघं जेवूनखाऊन, स्वच्छ कपड्यांत आसनावर बसलेले. हेच आपले देव, असं व्याध सांगतो.

ही कथा आज मला जरा टोचली. कारण सांगतो.

मी आणि माझा एक मित्र पुण्यात एक व्यवसाय सुरू करायच्या विचारात आहोत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना घरी मदतनीस द्यायचे. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर याला हात लावायचा नाही, ते नर्सचं काम. आपण आंघोळीला मदत, गोळ्यांची आठवण, धरून चालवणं, बँकेत सोबत आणि बोलायला माणूस एवढंच. गरज तर डोळ्यांसमोर आहे. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं १० कोटींच्या वर होती.

एक्सेलमध्ये हिशोब मांडला. बारा तासांच्या ड्युटीचे घरच्यांकडून महिना २४ हजार, त्यातले मावशींना १५ हजार. फोनवर आईला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "सेवेचे पैसे घेणार का रे?"

उत्तर सुचलं नाही. आज व्याधाकडे पुन्हा बघितलं. तोही दुकान चालवतो, पैसे घेतो. प्राणी स्वतः मारत नाही, खोटं बोलत नाही, जमेल तसं दान करतो. म्हणजे मोबदला घेणं हा अधर्म नाही. उलट ज्या कामाला आपण नुसतं 'सेवा' म्हणतो, त्याचे पैसे बुडवणं फार सोपं असतं.

मग मला टोचलं काय? कथेचा शेवट. कौशिक वेद शिकायला घर सोडून आला होता, आईवडिलांना न विचारता. ते शोकाने आंधळे झालेत, परत जा, असं व्याध त्याला सांगतो. काम कितीही मोठं असलं तरी त्यासाठी मागे कोणाला सोडून आलो, हा प्रश्न सुटत नाही.

मागच्या रविवारी कामासाठी भेटायला आलेल्या एका मावशींना विचारलं, घरी कोण असतं? "सासू आहे. अंथरुणालाच असते. शेजारीण बघते अधूनमधून."

त्या कौशिक नाहीत, गरजेपोटी बाहेर पडल्यात. पण त्यांच्या सासूकडे कोण बघणार, हे माझ्या शीटमधला एक आकडा ठरवणार आहे. रात्री मी १५ चे १८ हजार केले, आठवड्याची भरपगारी सुट्टी धरली. मित्र म्हणाला, "असं केलंस तर दोन वर्षं घरातले पैसे घालावे लागतील." त्याचंही चूक नाही. आमचं अजून ठरलेलं नाही. पण मावशींची सासू वाऱ्यावर सोडून दुसऱ्याच्या आईची काळजी विकायची असेल, तर हा धंदा मला नको.

आणि कौशिक कोण, तर मीच. आईबाबा सांगलीला, मी हिंजवडीत बसून इतरांच्या आईबाबांसाठी ॲप डिझाइन करतोय!

व्याध एकटाच सगळं करत नव्हता. त्याची बायको, मुलंही सेवेत होती. म्हणजे सेवा वाटून घेता येते, मदतीला माणूस ठेवणं हा गुन्हा नाही. फक्त सगळीच दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं होता येत नाही. मुलं सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांना दरमहा निर्वाहभत्ता मागता येतो. शेजारी बसून चहा पिणारा मुलगा मात्र कोणत्याच कायद्याने मिळत नाही. तो आमच्या रेटकार्डावरही नसेल.

आईला आज उत्तर दिलं : "पैसे घेणार, पण मावशींचे कापून नाही." ती म्हणाली, "बरं. आणि तू कधी येतोयस?"

शनिवारची गाडी बुक केलीय.

आजचा संकल्प : घरी फोन करा आणि तब्येतीची चौकशी झाल्यावर आणखी दहा मिनिटं बोला. तुमच्या घरी कामाला मावशी येत असतील, तर त्यांच्या घरी कोण म्हातारं आहे, तेही विचारा.

राम कृष्ण हरी.