हौस आणि मोल

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या सकाळी फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो होतो, तोच दारात एक जुना विद्यार्थी उभा राहिला. वय चाळिशीला टेकलेले, कानशिलावर पांढरे केस. सोबत चौदा वर्षांचा मुलगा. खांद्यांनी बापाच्याही पुढे गेलेला. नमस्कार झाला, चिवडा झाला, चहा झाला. मग पेल्याच्या तळाशी बघत तो म्हणाला, ''सर, पोरगा कबड्डी बरा खेळतो. आमच्याकडे एक प्रशिक्षक येऊन गेले. म्हणाले, नीट तयार झाला तर पुढे खेळाचेच पैसे मिळतील. पाठवू का?'' आणि जरा थांबून त्याने विचारले, ''आता ते चालते ना, सर?''

त्या 'आता'ने माझा घास घशात अडकला. कारण तो 'आता' कुठून आला, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी डोंबिवलीत आम्ही काही तरुण एक क्रीडामंडळ चालवीत होतो. मी नुकताच मास्तर झालो होतो, आणि नुकत्याच झालेल्या मास्तराला जगातली सगळी उत्तरे येत असतात. हा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा, आमचा सर्वांत चपळ चढाईपटू. वडील कल्याणच्या बाजारात हमाली करीत. एकदा आमच्या कानावर आले की ठाण्याच्या बाजूला एका स्पर्धेत तो दुसऱ्याच मंडळाकडून, दुसऱ्याच नावाने खेळला आणि त्याबद्दल त्याने तीनशे रुपये घेतले. मी त्याला सर्वांसमोर उभे केले. खेळ ही पूजा आहे, पूजेचे कोणी पैसे घेत नाही, असे बरेच काही बोललो आणि मंडळाच्या वहीतून त्याचे नाव काढून टाकले. तो काहीच बोलला नाही. आठवड्याने त्याची आई वाटेत भेटली, तेव्हा कळले की वडिलांच्या पाठीत उसण भरल्यामुळे पंधरा दिवस घरात मजुरी आली नव्हती.

हे कळल्यावरही मी वहीत ते नाव पुन्हा घातले नाही. तत्त्वाचा प्रश्न होता ना!

ते तत्त्व माझे स्वतःचे नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. 'खेळावे ते हौसेने, पैशासाठी खेळणारा तो हलका' हा विचार आपल्याकडे आला तो साहेबाच्या बोटीतून. इंग्लंडात 'जंटलमेन' आणि 'प्लेअर्स' असे क्रिकेटचे दोन वर्ग होते. एक हौशी, दुसरा पगारी. त्यांचा आपापसातला सामना 1806 साली सुरू झाला आणि 1962 पर्यंत चालला. एकाच संघातून खेळतानाही दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या आणि मैदानात उतरण्याची फाटके निराळी असत. गुणफलकाच्या कागदावर हौशी माणसाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापीत, पगारी माणसाची नंतर. गंमत अशी की, त्या हौशी वर्गाचा मुकुटमणी डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस खर्चाच्या आणि मानधनाच्या नावाखाली बहुतेक पगारी खेळाडूंपेक्षा अधिक कमावीत असे! तेव्हा भिंत पैसा घेणारा आणि न घेणारा यांच्यात नव्हती. पैशाची गरज उघड असलेला आणि ती झाकता येणारा यांच्यात होती.

आपल्या मातीतले उदाहरण तर याहून बोलके आहे. पळवणकर बाळू यांचा जन्म 1876 चा. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्रिकेट मैदानावर महिना तीन रुपयांवर झाडलोट करू लागला. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये झाले; काम खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे, जाळी लावण्याचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करण्याचे. ग्रेग नावाचा एक नामांकित साहेब फलंदाज बाद झाला की दर वेळी बाळूला आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. त्या आठ आण्यांतून म्हणा की अंगच्या बुद्धीतून म्हणा, असा डावरा गोलंदाज घडला की 1906 साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना हरवले त्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण ज्या हिंदूंसाठी तो खेळत होता, त्यांनी सुरुवातीला त्याला चहा दिला तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. आणि कर्णधारपद त्याला कधीच दिले नाही. ते 1923 साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. मला विचाराल तर त्या मैदानावर चार रुपये घेणारा मलिन नव्हता. मलिन होते ते वेगळे भांडे.

आता जरा दूरची गोष्ट सांगतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या चेंडूफळीचाच एक भाऊबंद. गेल्याच्या मागच्या शतकात तिथेही नियम होता की हा खेळ हौशी मंडळींचा, पैसे घ्यायचे नाहीत. नियम कडक, म्हणून पळवाटाही पक्क्या. वॉशिंग्टनच्या एका संघातले खेळाडू सरकारी तिजोरी खात्यात कारकून म्हणून नोंदलेले असत. जॉर्ज राइट हा त्या काळचा उत्तम खेळाडू. त्याच्या कचेरीचा म्हणून दिलेला पत्ता शोधत जावे तर तिथे म्हणे सार्वजनिक बाग होती! मग 1869 साली सिनसिनाटी गावच्या 'रेड स्टॉकिंग्ज' संघाने जे सगळे चोरून करीत होते ते उघड केले. दहाच्या दहा खेळाडूंना ठरलेला पगार दिला. जॉर्जला 1400 डॉलर, त्याचा वडीलभाऊ आणि संघाचा प्रमुख हॅरी राइट याला 1200. त्याच वर्षी पुऱ्या झालेल्या आगगाडीच्या मार्गाने हा संघ पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत खेळत गेला आणि सबंध हंगामात एकही सामना हरला नाही.

आमच्या ठाणे-कल्याणला या गोष्टीत आपले काही सापडावे. 1853 साली ठाण्याला आणि 1854 साली कल्याणला रूळ आले, आणि तेव्हापासून इथली माणसे आपले कसब रोज गाडीत घालून दुसऱ्या गावी विकायला नेतात. त्याला आम्ही नोकरी म्हणतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

परंतु वाचक मला इथेच अडवतील आणि ते योग्यच होईल. त्या विजयी संघातला सिनसिनाटीचा जन्मजात रहिवासी एकच होता, चार्ली गूल्ड. बाकी सारे बाहेरून आणलेले. जून 1870 मध्ये ब्रुकलिनला तो संघ पहिला सामना हरला, प्रेक्षक ओसरले, आणि वर्ष संपता संपता क्लबाने पगारी संघ बंद केला. हॅरी राइट काही गडी घेऊन बोस्टनला गेला आणि जाताना 'रेड स्टॉकिंग्ज' हे नावही घेऊन गेला. ज्या गावाने त्यांच्यासाठी टोप्या उडवल्या, त्या गावाच्या हाती काय राहिले?

आपल्याकडे हाच खेळ 2014 साली पुन्हा मांडला गेला. प्रो कबड्डी सुरू झाली, आठ शहरांचे आठ संघ. मुंबईच्या संघाचे नाव 'यू मुंबा'. 26 जुलै 2014 ला वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात त्याने जयपूरला 45-31 असे हरवून आरंभ केला. 31 ऑगस्टला अंतिम सामन्यात त्याच जयपूरने 35-24 असा वचपा काढला. आणि 2015 साली बेंगळुरूला 36-30 असे हरवून यू मुंबा विजेता ठरला. रिशांक देवाडिगा, विशाल माने ही इथली मुले त्यात होती, पण कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या काकू त्याला 'आपला अनुप' म्हणत. 2018 साली तो जयपूरच्या संघात गेला, तेव्हा काकूंनी दोन दिवस दूरदर्शन संच लावला नाही.

माझ्या मनाला खुपला तो मात्र दुसराच शब्द : लिलाव. पहिल्या लिलावात पाटण्याने राकेश कुमारला 12 लाख 80 हजारांना घेतले. 2018 साली यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीवर एक कोटीची बोली लावली. कोटीला पोहोचलेला तो पहिला कबड्डीपटू. पैसे मिळाले याचा आनंदच आहे. पण लिलाव बैलाचा होतो, भांड्यांचा होतो. माणसाच्या कामाचे मोल करावे. माणसाचे करू नये. कसब विकणारा उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. स्वतःच विकला गेलेला मालक नेईल तिकडे जातो. पगारी खेळात पाप शिरायचे असेल तर ते या फटीतून शिरेल, पगारातून नव्हे.

आणि 'आपला' म्हणजे कोण? डोंबिवलीत मूळचे असे किती? कोणी कोकणातून, कोणी देशावरून, कोणी गुजरातेतून, कोणी दक्षिणेतून आलेले. आपण या गावाचे झालो ते जन्माने नव्हे. इथल्या गर्दीत रोज उभे राहिल्याने झालो. मग हरियाणाच्या मुलाने मुंबईसाठी गुडघे फोडून घेतले, तर तो तेवढ्यापुरता मुंबईकर झालाच की! तो गेला याचे दुःख खरे, पण त्यामुळे तो होता हे खोटे ठरत नाही.

शेवटी मी स्वतःकडे वळलो. मुलांना शिकवण्याचा मी पगार घेतो. तो घेतो म्हणून माझी शिकवण्याची माया कमी झाली, असे मला कधी वाटले नाही. कादंबरीचे मानधन घेतो, आणि संपादक रागावणार नसतील तर सांगतो, या लेखाचेही घेणार आहे. सरस्वतीची पूजा मी सदक्षिणा करीत होतो आणि एका हमालाच्या मुलाला बजरंगाची पूजा फुकट करायला सांगत होतो. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला निरिच्छता शिकवू नये, एवढे साधे मला समजू नये?

त्या मुलाचे चुकले नव्हते असे नाही. खोट्या नावाने खेळणे ही चूक होतीच. परंतु खोटे नाव त्याने का घेतले? खऱ्या नावाने पैसे घ्यायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. आणि मी त्याला शिक्षा दिली ती खोट्या नावाची नव्हे, तीनशे रुपयांची.

पाडव्याच्या त्या सकाळी यातले बरेचसे मला नीट बोलता आले नाही. मी एवढेच म्हणालो, ''जरूर पाठव. पण दहावी होऊ दे. जिथे सही करशील तिथे कागद आधी मला वाचायला दे; पोरगा किती वर्षांसाठी बांधला जातो आणि पाय मोडला तर कोण बघतो, हे त्यात आहे का ते पाहू.'' मग मुलाकडे वळून म्हणालो, ''तुझा बाप तुझ्याहून चपळ होता. त्याचा खेळ मी बंद केला. ते माझे चुकले.''

मुलगा बापाकडे पाहू लागला. हे त्याला ठाऊक नव्हते. बापाने घरी कधी सांगितलेच नव्हते. बापाने करंजीचा तुकडा मोडला, थोडा वेळ हातातच धरला आणि म्हणाला, ''राहू द्या सर, सणाचा दिवस आहे.''

'तुमचे चुकले नाही' असे मात्र तो म्हणाला नाही. ते मला बरे वाटले.